गोळीचं व्रत

२४ नोव्हेंबर २००६, शुक्रवार

आजपासून रोजनिशी. पुढेमागे कुणी वाचलीच तर माहिती असावी म्हणून लिहून ठेवतो. गोटीराम शिरसाठ, वय त्रेचाळीस, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी परत बांधून द्यायचं दुकान, राहणार जुने नाशिक, तिवंधा चौकाच्या मागे, तिसरा मजला. घरात बायको ज्योत्स्ना आणि मुलगी हर्षाली, वय अकरा. वर गच्चीवर सव्वीस कबुतरं.

हर्षालीला दमा आहे. थंडी पडली की पोरीच्या छातीत पहाटे बाजा वाजायला लागतो. एक वाक्य सलग बोलता येत नाही तिला. "बाबा, मला", मग श्वास, "पाणी", मग श्वास, "द्या." औषधाचा पंप ओढला की तात्पुरतं बरं वाटतं. बाप म्हणून मी हातपाय गाळून बसलेलो नाही. पेरू बंद केले, शेंगदाणे बंद केले, माठाचं पाणी बंद केलं. खालच्या पिठाच्या गिरणीवाल्याशी भांडून त्याला पडदा लावायला लावला. देवापुढची उदबत्ती बंद केली, तेव्हा ज्योत्स्ना दोन दिवस बोलली नाही. कारण अजून सापडलेलं नाही, पण सापडेल. परवा मी असाच सगळ्या घरात कारण शोधत फिरत होतो, तर ज्योत्स्ना छताकडे बघून म्हणाली, "काखेत कळसा अन् गावाला वळसा." मी चाचपून पाहिलं. खरंच, चष्मा कपाळावरच होता.

आता मुख्य बातमी. अंबडच्या बाजूला औषधांची चाचणी घेणारं एक केंद्र आहे. दम्यावरची नवी गोळी आली आहे आणि ती पहिल्यांदा माणसांना देऊन बघायची आहे. त्यासाठी निरोगी माणसं हवी होती. गेल्या आठवड्यात मी तपासणी देऊन आलो. आज निरोप आला, माझी निवड झाली. चौदा दिवस तिथेच राहायचं.

ज्योत्स्ना म्हणाली, "तुम्हाला कुठे दमा आहे?"

"म्हणूनच निवड झाली," मी म्हणालो. बायकांना विज्ञान समजावणं अवघड असतं.

२६ नोव्हेंबर, रविवार

काल संमतीपत्रावर सही केली. चौदा पानं, मराठीत. सगळी वाचली. बाकीचे लोक शेवटचं पान काढून सही कुठे करायची ते विचारत होते. डॉ. संध्या वाघचौरे म्हणून तरुण बाई आहेत, त्यांच्या हाताखाली सगळं चालतं. त्यांनी नीट समजावलं. या खेपेला गोळी दम्यावर चालते का ते बघायचंच नाही. धडधाकट माणसाला ती अपाय करत नाही ना, एवढंच बघायचं. मला लगेच पटलं. नवीन बांधलेली मोटार पाण्यात सोडण्याआधी शॉक मारत नाही ना ते मी बघतोच, पाणी चढतं का ते नंतर.

आणखी एक गंमत. काही जणांना खरी गोळी आणि काहींना नुसती पिठाची, दिसायला सारखीच. कुणाला कुठली, ते आम्हालाही सांगणार नाहीत आणि डॉक्टरांनाही माहीत नाही. मी विचारलं, "मग माहीत कुणाला आहे?" त्या म्हणाल्या, "पाकिटात बंद आहे." मला खरी मिळणार हे मला आतूनच समजलं.

पत्रात संभाव्य त्रासांची यादी आहे. एक, हात थरथरणे. दोन, छातीत धडधड. तीन, डोकेदुखी. चार, तोंडाला कोरड. पाच, मळमळ. सहा, झोप न लागणे. सात, पायात गोळे. आठ, चक्कर. नऊ, डोळ्यांतून पाणी येणे. यादी या वहीत उतरवून घेतली आहे.

तपासणीच्या अर्जात 'घरात पाळीव प्राणी आहेत का' असा प्रश्न होता. नाही लिहिलं. कुत्रं-मांजर आम्ही ठेवत नाही. कबुतरं म्हणजे घरचीच माणसं. 'कुटुंबातील व्यक्ती' या रकान्यात एकोणतीस लिहायचा मोह झाला होता.

खरी काळजी त्यांचीच आहे. चौदा दिवस माझ्याशिवाय! या थंडीत आजारी पिल्लं मी घरात आणून हर्षालीच्या पलंगाखाली उबेला ठेवतो, ते कोण करणार? दादासाहेब तर माझ्या शिळेशिवाय दाणा टिपत नाही. दादासाहेब म्हणजे माझा गिरेबाज, थव्याचा म्होरक्या. आभाळात ठिपका झाला तरी माझी शीळ ऐकली की गोलांट्या घेत खाली येतो. पण ज्योत्स्नाचं मन पालटत चाललेलं दिसतंय. आज तिने स्वतःहून विचारलं, "एका टोपलीत किती पाखरं मावतात हो? गुदमरत नाहीत ना?" पंधरा वर्षांच्या संसारात तिने कबुतरांची पहिल्यांदा विचारपूस केली. मला भरून आलं.

२७ नोव्हेंबर, सोमवार

केंद्रात दाखल झालो. मोठी खोली, बारा खाटा, पांढऱ्या चादरी. तंबाखू, विडी, चहा, कॉफी सगळं बंद. चहाने औषधाच्या मोजमापात घोळ होतो म्हणे. सकाळी दोन आणि दुपारी दोन कप घेणारा माणूस मी. संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायला लागलं.

शेजारच्या खाटेवर झिपरू आहे. हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावरचा, पंचविशीतला. भात कापून झाला, द्राक्षाच्या कामाला निफाडला निघाला होता, वाटेत ही जाहिरात कुणीतरी वाचून दाखवली. त्याने संमतीपत्र वाचून घेतलं ते डॉक्टरबाईंकडूनच, आणि एकच प्रश्न विचारला, "मधी घरी जायचं झालं तर जाऊ देशाल ना?" त्या हो म्हणाल्या, तेव्हा अंगठा न उठवता सही केली. मुलगा शांत आहे, पण जगाचा अनुभव नाही. त्याला मार्गदर्शन करावं लागेल.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी आठ वाजता पहिली गोळी. गोळी गिळली की नर्सबाई टॉर्च लावून तोंडात बघतात. जीभ वर, जीभ बाहेर, गालात बोट. लहानपणी आई चोरून खाल्लेला गूळ असाच शोधायची.

मग हाताला लावलेल्या नळीतून रक्त. अर्ध्या तासाने पुन्हा. तासाने पुन्हा. दिवसभरात अकरा वेळा. शिवाय छातीचा आलेख आणि एका नळीत जोरात फुंकायचं ते यंत्र.

साडेनऊला क्रमांक एक सुरू झाला! डावा हात स्पष्ट थरथरला. लगेच नर्सबाईंना बोलावलं. त्या आल्या तेव्हा थांबला होता. मी म्हणालो, थांबा जरा, पुन्हा येईल.

झिपरूला काहीच नाही. बिचाऱ्याच्या वाट्याला पिठाची गोळी आलेली दिसते. विचारलं तर म्हणतो, "माझं काय नाय भाऊ. हात नाचतात थोडं, काळीज पळतं. पळू दे, आज कुठं काम हाय." पाणी पिताना त्याचा पेला खाटेच्या दांडीवर टणाटण वाजत होता आणि अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. भांडं धरायची पद्धतच नाही.

३० नोव्हेंबर, गुरुवार

काल दोन आणि तीन झाले. आज सकाळी चार, दुपारी भरली वांगी खाल्ल्यावर पाच. त्रास लिहायला केंद्राने एक कार्ड दिलं आहे, पण त्यातले चौकोन एवढे लहान की त्यात माणसाचा अनुभव मावत नाही. मी मागे पुरवण्या जोडतो.

डॉ. संध्यांनी आज कार्ड बराच वेळ वाचलं. म्हणाल्या, "गोटीरामभाऊ, तुम्हाला हे सगळं यादीच्या क्रमानेच होतंय का?"

"मी पद्धतशीर माणूस आहे," मी म्हणालो.

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेल्या. मग झिपरूचा आलेख तीनदा काढला, त्याची नाडी दर तासाला बघायला सांगितली, आणि म्हणाल्या, काहीही वाटलं तर लगेच सांगायचं, आपण कधीही थांबवू शकतो. ज्याला काही होत नाही त्याच्यामागे एवढा वेळ घालवतात याचं आश्चर्य वाटलं.

१ डिसेंबर, शुक्रवार

मोठा दिवस. कॉरिडॉरमध्ये एक रुपयाच्या फोनचा डबा आहे, तिथून घरी फोन लावला. हर्षालीने उचलला. सोमवारपासून एकदाही बाजा वाजलेला नाही! चार रात्री पोरगी सलग झोपली. ऐन थंडीत!

मग ज्योत्स्ना बोलली. पाखरं कशी आहेत विचारलं. "मजेत आहेत. मोकळी हवा मिळते त्यांना." दाणे पुरतात का? "भरपूर. शेत आहे मोठं." मी म्हणालो, कसलं शेत? ती म्हणाली, "शेतातलेच दाणे ना ते." बरोबर आहे. मागून हर्षालीचं खिदळणं ऐकू येत होतं. सोमवारी तिचा भाऊ पुंजा सायखेड्याहून टेम्पो घेऊन आला होता म्हणे, चार टोपल्या भरून घेऊन गेला. हिच्या माहेरी आमच्या घरातलं काय काय जातं ते मी आता विचारायचं सोडलं आहे.

फोन ठेवला आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. सोमवारी मी इथे आलो. मंगळवारी गोळी सुरू झाली. आणि पोरीचा दमा थांबला. गोळी इथे माझ्या पोटात, गुण तिथे तिच्या छातीत. आई लेकरासाठी उपास करते, जेवत नाही ती आणि बरं वाटतं ते लेकराला, याला आपण व्रतच म्हणतो ना? ज्योत्स्ना हर्षालीसाठी मार्गशीर्षातले गुरुवार करते. मग बापाने केलं तर त्याचं फळ का मिळू नये? हे माझं गोळीचं व्रत. आता सगळे नियम कडकडीत पाळणार.

डॉ. संध्यांना सांगितलं नाही. विज्ञानाच्या माणसांना हे पटायला वेळ लागतो. झिपरूला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, घरी कोंबड्या हायत काय?" नाही म्हणालो, कबुतरं आहेत. तो म्हणाला, "माझ्या भाच्याचा बी दम असाच लागायचा. आयनं खुराडं वसरीतून उचललं, लांब आंब्याखाली ठेवलं. बंद झालं."

कोंबडी कुठे आणि गिरेबाज कुठे! पण खेड्यातल्या माणसाशी वाद घालू नये.

३ डिसेंबर, रविवार

लिहायला हात धजत नाही.

चार वाजता रखवालदार खिडकीबाहेर थर्मासमधून चहा ओतत होता. आल्याचा वास आत आला. सात दिवस झाले होते. मी जाळीतून हात बाहेर काढला. त्याने अर्धा कप पुढे केला. मी प्यायलो. पिऊन टाकला आणि मग समजलं काय केलं ते.

४ डिसेंबर, सोमवार

व्रत मोडल्याचं फळ चोवीस तासांत मिळालं. सकाळी फोन केला. हर्षालीला पहाटे मोठा झटका आला. पंप दोनदा ओढावा लागला, तरी तासभर बसून काढला पोरीने. फोनवर बोलली, पण तेच, तुटक तुटक. "बाबा, काल", श्वास, "दादासाहेब आला", श्वास, "एवढ्या लांबून उडून. मी त्याला उशाशी", आणि तेवढ्यात ज्योत्स्नाने फोन काढून घेतला.

काय ते पाखरू! पोरीवर संकट येणार हे त्याला आदल्या दिवशीच कळलं. फेरी अर्धवट टाकून गच्चीवरून खाली आला आणि रात्रभर तिच्या उशाशी बसून राहिला. आणि मी, तिचा सख्खा बाप, अर्ध्या कप चहासाठी नियम मोडून बसलो. दुपारचं जेवण जेवलो नाही. झिपरूने स्वतःच्या ताटातला गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. त्याचा हात आज फार थरथरत नव्हता.

५ डिसेंबर, मंगळवार

राहवलं नाही. सकाळी डॉ. संध्यांच्या खोलीत जाऊन सगळं कबूल केलं. चहा, व्रत, झटका, सगळं. म्हणालो, काय शिक्षा द्यायची ती मला द्या, पोरीला नको.

त्या हसल्या नाहीत. चहाचं लिहून घेतलं, वेळसुद्धा विचारली. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या चहाने तिला झटका आलेला नाही. आणि तुमच्या गोळीने ती बरीही झालेली नाही. गोळी ज्याच्या पोटात जाते त्यालाच काय ते करते. तुम्ही मला घराचं सांगा. ओल आहे? धूर? गालिचा?"

मी सगळं सांगितलं. पेरू, गिरणी, उदबत्ती. घर आरशासारखं स्वच्छ आहे, मी स्वतः रोज सकाळी खुराडं झाडतो, म्हणालो.

त्यांचं पेन थांबलं. "कसलं खुराडं?"

"कबुतरांचं. गच्चीवर. आमच्या खोलीच्या बरोबर वर."

"किती कबुतरं?"

"सव्वीस. आजारी असली की दोन-तीन खाली असतात, हर्षालीच्या पलंगाखाली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. पिसांची भुकटी आणि विष्ठेची धूळ श्वासातून जाते, पुष्कळ मुलांना त्याने दमा उठतो, तुमचा फॉर्म माझ्याकडे आहे, त्यात तुम्ही पाळीव काही नाही असं लिहिलंय, वगैरे वगैरे बोलत राहिल्या. मी उठलो. म्हणालो, "बाई, दहा वर्षांचा होतो तेव्हापासून मी कबुतरात आहे. तेहतीस वर्षं! मला काय झालं?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही निरोगी आहात. म्हणून तर इथे आहात."

मन दुखावलं. शनिवारी सहा झाला, कालपासून मला क्रमांक सात चालू आहे, दोन्ही पोटऱ्यांत गोळे. कार्डावर लिहिला नाही. त्यांना माझी किंमत नसेल तर माझे गोळे तरी का द्यावेत?

८ डिसेंबर, शुक्रवार

क्रमांक आठ झाला, किंचित. नऊ आलेला नाही. आरशासमोर उभं राहून वाट पाहिली. डोळे कोरडे ठणठणीत.

घरी सगळं ठीक. मंगळवारपासून पुन्हा बाजा नाही. चहाही त्या अर्ध्या कपानंतर पुन्हा घेतलेला नाही. माझं म्हणणं अजून मोडलेलं नाही.

१० डिसेंबर, रविवार

आज सुटका. शेवटचं रक्त, शेवटचा आलेख. झिपरूने जाताना हात हातात घेतला. "भाऊ, खुराडं लांब ठेवा." हा मुलगा एक गोष्ट धरली की सोडत नाही.

रिक्षातून उतरलो. खालूनच शीळ घातली. आभाळ रिकामं. तीन जिने चढून तसाच गच्चीवर गेलो. खुराड्याचं दार उघडं, आत काही नाही. एक पीससुद्धा नाही. फरशी सोड्याने धुतलेली. कोपऱ्यात हर्षालीची उडी मारायची दोरी पडली होती.

मी खाली ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. ज्योत्स्ना खालूनच म्हणाली, "मी खोटं काही बोलले नाही. पाखरं मजेत आहेत, एवढंच सांगत होते. पुंजाच्या मळ्यात आहेत, दादासाहेबालाही तो परत घेऊन गेला. आणि अजून ओरडायचं असेल तर खाली येऊन ओरडा, मी वर येणार नाही."

तेवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली. हर्षाली दुकानातून साखर घेऊन येत होती. तळापासून गच्चीपर्यंत पळत आली, माझ्या पोटाला मिठी मारली आणि म्हणाली, "बाबा आईला रागवू नका ना मीच पुंजामामाला सांगितलं सगळी घेऊन जा म्हणून आणि दादासाहेब परत आला तेव्हा मीच त्याला आत घेतलं आई नको म्हणत होती म्हणून तो झटका माझ्यामुळेच आला आईची काही चूक नाही!"



"पुन्हा बोल," मी म्हणालो.

"काय?"

"हेच. सगळं."

तिने पुन्हा सगळं म्हटलं. तीन मजले चढून आल्यावर. मध्ये एकदाही थांबली नाही.

मी खाली गेलो आणि चहा मागितला. ज्योत्स्नाने आधण ठेवलं.

१२ डिसेंबर, मंगळवार

दोन दिवस घरी जेवण्यापुरताच आलो. दुकानात मोटार बांधताना विचार करत होतो. दोष शोधायची रीत मला कुणी शिकवायला नको. एक वायर सोडायची, दोष जातो का बघायचं. गेला तर तीच वायर परत जोडायची. दोष परत आला तर सिद्ध झालं. जोडून बघितल्याशिवाय मी कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगत नाही की दोष अमुक ठिकाणी होता.

म्हणून सायखेड्याहून दोन पाखरं आणून बघावीत असं मनात आलं. बसस्टँडपर्यंत गेलो. टोपली हातात होती. सायखेड्याची गाडी लागली, लोक चढले, गाडी गेली. मी तिथेच बाकावर बसून राहिलो. मोटार जळली तर परत बांधता येते.

घरी येऊन ही वही मागे उलटली. ३ डिसेंबर, चार वाजता, चहा. त्याच दिवशी दादासाहेब घरी. ४ डिसेंबर, पहाटे, झटका. म्हणजे वायर एकदा जोडली गेली होती, मला न विचारता. अर्थात चहा आणि दादासाहेब दोन्ही एकाच दिवशी झाले. त्यामुळे चहाही असू शकतो.

पण मी आज दोन कप चहा प्यायलो आणि पोरगी आत्ता इथे दोरीवर उड्या मारते आहे. पासष्टपर्यंत मोजल्या, मग वही मिटली.

१४ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. ज्योत्स्नाचं उद्यापन. सकाळी ती सुवासिनींच्या ओट्यांची तयारी करत होती, तेव्हा मी जाहीर केलं, "माझंही उद्यापन आहे."

"कसलं?"

"गोळीच्या व्रताचं. चौदा दिवस नियमाने केलं. एकदा मोडलं, पण कबूल केलं. फळ मिळालं आहे, तेव्हा उद्यापन केलंच पाहिजे. आणि उद्यापनात आवडती वस्तू दान देतात."

ज्योत्स्ना हातातली खणांची चवड तशीच धरून माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "त्या डॉक्टरबाई म्हणाल्या म्हणून नाही, हे लक्षात ठेव. धर्म म्हणून देतोय."

"कळलं," ती म्हणाली. "धर्म म्हणूनच." आणि तोंड फिरवलं. हसत होती की काय ते दिसलं नाही.

दुपारी दोघं सायखेड्याला गेलो. पुंजाने मळ्यात, घरापासून लांब, पत्र्याची छान शेड केली आहे. मी रीतसर नारळ दिला, पाटावर दाण्यांची रास घातली आणि हातावर पाणी सोडून सव्वीसच्या सव्वीस पाखरं त्याला दान दिली. पुंजा बावचळला. "दाजी, ही तर माझ्याकडंच हायती की पंधरा दिस झाले."

"ती ठेवायला होती. आता तुझी झाली."

मग एकच काम राहिलं. दादासाहेब पुन्हा उडून येणार, हे नक्की होतं. मी त्याला मांडीवर घेतलं आणि पंखातली उडायची पिसं स्वतः काढली, एकेक करून, रक्त येऊ न देता. दुसऱ्या कुणाला येत नाही ते. तो माझ्या अंगठ्याला चोच घासत राहिला. पिसं दोन-तीन महिन्यांत परत येतात, तोवर त्याला तिथे जोडी मिळेल. हातपाय धुऊन अंगातला सदरा तिथेच पिळून वाळत टाकला, पुंजाचा सदरा घालून घरी आलो.

५ एप्रिल २००७, गुरुवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही म्हणजे घरात सगळे झोपतात. हर्षाली शाळेच्या खो-खोच्या संघात आहे. पंप कपाटात आहे, डॉक्टरांनी जवळ ठेवा म्हणून सांगितलं आहे.

आज केंद्राचं पत्र आलं. चाचणीचा हा टप्पा संपला, बंद पाकिटं उघडली. नवी गोळी पुढच्या टप्प्याला जाणार, म्हणजे आता दम्याच्या रुग्णांना देऊन बघणार. सहभागाबद्दल आभार. आणि खाली एक ओळ, की आपणास देण्यात आलेल्या गोळीत औषधी घटक नव्हता.

हर्षालीने ती ओळ मोठ्याने वाचली. पुन्हा वाचली. मग म्हणाली, "बाबा, म्हणजे पिठाची?"

"लेबलं चिकटवताना घोटाळा झाला असेल," मी म्हणालो. "मला एक ते आठ झालं होतं. वहीत आहे सगळं. झिपरूची माझ्या नावावर आणि माझी झिपरूच्या नावावर गेली असेल. मी पत्र लिहिणार आहे."

"लिहा," ज्योत्स्ना म्हणाली. "पुरवण्या जोडा."

पत्र घेऊन गच्चीवर गेलो. आणि तिथे कठड्यावर तो बसला होता. दादासाहेब. पंख पुरे भरलेले, मान चमकत होती. पुंजाने सांगितलं होतं की सायखेड्याला त्याने जोडी धरली आहे, अंडी आहेत. तरी आला होता.

खुराडं आता नाही, तिथे कपडे वाळत घालायच्या तारा आहेत. तो त्या रिकाम्या जागेकडे बघत होता, मग माझ्याकडे. शिळेची वाट बघत होता. मी हात मागे बांधले आणि ओठ मिटून उभा राहिलो. दान दिलेली वस्तू परत घ्यायची नसते.

तो बराच वेळ बसला. दोनदा मान वाकडी करून बघितलं त्याने. मग उडाला. देवळावरून एक वळसा घेतला, एक गोलांटी मारली, आणि नदीच्या कडेकडेने सायखेड्याच्या दिशेने गेला. ठिपका झाला तरी मी शीळ घातली नाही.

हर्षाली पळत वर आली. कठडा ओल्या फडक्याने पुसला पाहिजे असं मी तिला सांगत होतो, तर ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. "बाबा, तुमच्या डोळ्यांतून पाणी येतंय."

"क्रमांक नऊ," मी म्हणालो. "उशिरा आला."

आता केंद्राला कळवायला हवं.